बूस्ट की बक? आधी एलईडीखालची प्लेट तपासा

गोव्यातल्या वाळपईच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) रात्री गवे येतात म्हणून दोन १८६५० सेलच्या (रिचार्जेबल लिथियम सेल) टॉर्चमध्ये एक्सएचपी५० हा जोरदार एलईडी बसवला, बारा व्होल्टचा बूस्ट ड्रायव्हर (सेलचं व्होल्टेज चढवून एलईडीला करंट देणारं सर्किट) जोडला आणि दहा सेकंदांत एलईडी काळा पडला, असं तुम्ही लिहिलंय. माझं जुनंच दुखणं. ड्रायव्हरला शिव्या घालू नका, दोष बहुतेक त्याचा नाही.

एक्सएचपी५० मध्ये चार चिपा असतात. त्यांची जोडणी खालची तांब्याची प्लेट ठरवते: एका प्लेटवर तो सहा व्होल्टचा, दुसरीवर बाराचा. वरून बघून फरक कळत नाही. तुम्हाला सहाची आली असणार. भरलेले दोन सेल ८.४ व्होल्ट देतात. बूस्ट फक्त चढवतो. इनपुटच एलईडीपेक्षा जास्त असलं, तर करंट कॉइल आणि डायोडमधून थेट एलईडीत घुसतो. ड्रायव्हरची स्विचिंग बंद असली तरी वाट उघडीच राहते. मला सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. विकणाऱ्याने पाकिटावर व्होल्टेज लिहायचे कष्ट घेतले नव्हते, आणि तक्रारीला उत्तर काय, तर ‘वायरिंग तपासा’!

नवा एलईडी आला की सोल्डरचा डाग देण्याआधी नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी घ्या, सिरीजमध्ये ४७० ओहमचा रेझिस्टर लावा. मंद पेटला आणि एलईडीवर पाचच्या आसपास व्होल्ट दिसले, तर प्लेट सहाची. पेटलाच नाही, तर प्लस-मायनस उलटून बघा. तरीही नाही, तर बाराच्या अ‍ॅडॅप्टरवर तोच रेझिस्टर ठेवून बघा; तिथे पेटला, तर प्लेट बाराची.

आता निवड. दोन सेल आणि सहाची प्लेट असेल तर बक, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा ड्रायव्हर. बाराची असेल तर तुमचा बूस्ट चालेल. पण कुळागरासाठी मी बकच घेईन. सेल उतरत आले की बकचा उजेड हळूहळू मंदावतो, इशारा मिळतो. बूस्ट शेवटपर्यंत तोच प्रकाश देतो आणि बरेचदा कटऑफला (सेल वाचवायला ड्रायव्हर बंद होतो तेव्हा) एकदम काळोख. समोर गवा असताना ते नको. (हे माझं मत, कटऑफआधी लुकलुकणारे बूस्टही मिळतात.)

एकाच सेलवर सहाचा एलईडी चालवायचा तर बूस्टला पर्याय नाही. बारा वॅटला सेल तीन व्होल्टवर आला की ड्रायव्हर त्यातून साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. तिथे सेलला टेकणाऱ्या स्प्रिंगचा ०.१ ओहमसुद्धा जवळपास अर्धा व्होल्ट खातो. स्प्रिंगवर तांब्याची जाड वायर सोल्डर करा. किनाऱ्याकडच्या खाऱ्या हवेत मागच्या झाकणाच्या आट्यांवर पांढरट पूड धरते, ती पावसाळ्यात महिन्यातून एकदा पुसा.

आणि एलईडी सुटा असताना बूस्ट चालू करू नका. आउटपुट चढत जातं, कपॅसिटर भरून राहतो, आणि नंतर जोडलेला एलईडी पहिल्याच झटक्यात जातो.