कथा अर्ध्यावर अडली आहे. माइंडफुलनेसनं खरंच काही फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की एक कथा अर्ध्यावर येऊन थांबली आहे. कागद समोर आला की डोकं कोरं होतं, म्हणून रोज सकाळी 20 मिनिटं श्वासावर लक्ष ठेवून बसायला लागलात. मन शांत होतं, पण कथा पुढे सरकत नाही. माझ्या मते माइंडफुलनेसचा, म्हणजे या क्षणी मनात आणि शरीरात जे चाललंय ते सुधारायला न जाता बघण्याचा, उपयोग होतो आणि चांगलाच होतो. फक्त सकाळी मन शांत केलं की संध्याकाळी आपोआप सुचेल, असा हिशेब धरू नका. हा सराव लिहिण्याच्या जागी, हातात पेन असताना करायचा असतो.

मी कथा लिहिते आणि नव्यानं लिहू लागलेल्यांच्या कार्यशाळा घेते. कुणी म्हणालं, "काहीच सुचत नाही," की मी विचारते, मनात आलं पण लिहिलं नाही असं शेवटचं वाक्य कोणतं? थोडं थांबल्यावर जवळजवळ प्रत्येकाला ते आठवतं. वाक्य आलेलं असतं. त्याच्या पाठोपाठ एक शेराही आलेला असतो: "हे जुनंच आहे", "सुरुवात अशी करत नाहीत", "वाचून लोक काय म्हणतील". दोन्ही इतक्या लगोलग येतात की वाक्य आल्याची नोंदच राहत नाही, नुसतं रितेपण लक्षात राहतं. त्यामुळे डोकं कोरं आहे हा अनुभव खरा असला तरी त्याचं कारण बहुतेक वेळा न सुचणं हे नसतं.

माइक रोझ या शिक्षणतज्ज्ञानं 1980 साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यानं विद्यापीठातल्या 10 विद्यार्थ्यांशी बोलून पाहिलं. त्यांतले 5 लिहिताना अडणारे होते, तर 5 फारसे न अडणारे. अडणाऱ्यांना लिहिता येत नव्हतं असं मुळीच नाही. त्यांच्या डोक्यात कडक नियम होते, म्हणजे सुरुवातीनंच वाचकाला पकडलं पाहिजे, अशा तऱ्हेचे, आणि तो नियम पाळला जात नाही तोवर ते पुढे जात नव्हते. न अडणाऱ्यांकडेही नियम होतेच. पण उपयोगी पडत नाही असं दिसलं की ते नियम बाजूला ठेवत. हा अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण अडणाऱ्या माणसाला आपल्यात प्रतिभाच नाही असं वाटत असतं, आणि ही समजूत लिहिणाऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान करते.

आता तो शेरा बंद कसा पाडायचा, असं तुम्ही विचाराल. बंद पाडायचाच नाही. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात माइंडफुलनेसचा कार्यक्रम सुरू केला. तिथे येणाऱ्यांत जुन्या दुखण्याचे रुग्ण बरेच होते, नेहमीच्या उपचारांनी पुरेसा आराम न पडलेले. तिथे वेदना घालवण्याचं आश्वासन नव्हतं. वेदना आहे हे दिसत असताना तिच्याभोवती उठणारी भीती आणि धडपड वेगळी ओळखायला शिकणं, हा त्यातला गाभा होता. लिहिण्यालाही नेमकं हेच लागू पडतं. "भीती गेली की लिहीन" असं ठरवलं तर वाट पाहण्यातच वर्षं जातात. भीती शेजारी बसलेली असतानाही वाक्य लिहिता येतं, हे एकदा हाताला कळावं लागतं.

करायचं कसं ते सांगते. वही किंवा फाइल उघडा आणि कथा जिथे थांबलीय तिथला शेवटचा परिच्छेद सावकाश वाचा. मग लगेच लिहू नका. दोन-तीन मिनिटं शरीरात काय चाललंय ते बघा. जबडा आवळलाय का, खांदे वर आलेत का, श्वास कुठे अडलाय. काहीही सुधारायला जाऊ नका. याच वेळात उठावंसं वाटेल. मोबाइल बघावा, एखादा संदर्भ शोधावा, टेबल आवरावं असं वाटेल. ही ओढ म्हणजेच तुमचा अडथळा, अगदी हातात सापडावा इतका जवळ आलेला. ती चढते, थोडा वेळ टिकते आणि तुम्ही काही केलं नाहीत तरी ओसरते. एकदा ती स्वतः ओसरताना पाहिलीत की पुढच्या वेळी तिला इतकं घाबरावंसं वाटत नाही. त्यानंतर जे वाक्य येईल ते लिहा. शेरा आला तर तोही समासात लिहून काढा, जसाच्या तसा, आणि पुढच्या वाक्याकडे वळा.

समासातले हे शेरे जपून ठेवा. थोडे साठले की एकत्र वाचा. त्यांत दोन जाती दिसतील. काही शेरे कुठल्याही कथेला, कुठल्याही पानाला चिकटवता येतील असे असतात: "फालतू", "याआधी कुणीतरी लिहिलंय", "तुला जमणार नाही". त्यांत तुमच्या कथेबद्दल काहीही नसतं. पण अधूनमधून एखादा शेरा अगदी नेमका असतो: "ही बाई भावाशी असं बोलणार नाही", "हा माणूस घर सोडून का जातोय तेच ठरलेलं नाही". तो कथेतूनच आलेला असतो आणि त्याचं ऐकायलाच हवं. घाबरलेल्या मनाला दोन्ही सारखेच टोचतात, म्हणून आपण दोन्हींपासून पळतो. शांतपणे बघितल्यावर दुसरा वेगळा निवडता येतो. माइंडफुलनेसचा लेखकाला होणारा सगळ्यात मोठा फायदा मला इथे दिसतो. तुमची कथा अर्ध्यावर अडलीय म्हणून हे खास सांगते. सुरुवातीला अडणं पुष्कळदा भीतीतून येतं, पण मध्यावर अडण्याचं कारण बरेचदा कथेतच असतं. पात्राला काय हवंय हे लेखकानं ठरवलेलं नसतं, किंवा एखादं वळण मारून मुटकून घेतलेलं असतं. तसं असेल तर कितीही ध्यान केलंत तरी पुढचं पान येणार नाही. मागे जाऊन ते वळण बदलावं लागेल.

तुमच्या श्वासाच्या सरावाबद्दलही थोडं बोलायला हवं. ध्यानाचे सगळे प्रकार सारखे नसतात. एकात लक्ष श्वासासारख्या एका गोष्टीवर टिकवायचं असतं. दुसऱ्यात कशालाही धरून न ठेवता जे येईल ते येऊ द्यायचं आणि जाऊ द्यायचं असतं. लोरेंझा कोल्झाटो या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये या दोन्हींची तुलना केली. दुसऱ्या प्रकारानंतर लोकांना रोजच्या वापरातल्या वस्तूंचे वेगवेगळे उपयोग सुचवणं अधिक चांगलं जमलं, पहिल्या प्रकारानंतर तसा फायदा दिसला नाही. अभ्यास लहान आहे आणि त्यातली माणसं आधीपासून ध्यान करणारी होती, त्यामुळे त्यावर फार मोठा डोलारा उभारू नये. तरी माझ्या पाहण्यातलं याच्याशी जुळतं. श्वासाला घट्ट धरून बसण्याचा सराव मला खाडाखोडीच्या, शेवटचा हात फिरवण्याच्या दिवशी कामाला येतो. नवं काही हवं असेल त्या दिवशी आवाज, आठवणी, शरीरातल्या हालचाली यांना येऊ-जाऊ देणं बरं पडतं. तुमच्या 20 मिनिटांपैकी शेवटची काही अशी मोकळी सोडून बघा.

आणि सगळा दिवस सजग राहायचा हट्ट धरू नका. मनाला भरकटायलाही वेळ हवा असतो. ग्रॅहॅम वॉलस या ब्रिटिश विचारवंतानं 1926 मध्येच सर्जनाच्या टप्प्यांत विषय बाजूला ठेवून तो आत मुरू देण्याचा टप्पा वेगळा मांडला होता. चालण्याचा फायदा तर प्रयोगातही दिसलाय. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांच्या 2014 च्या प्रयोगांत बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना जास्त कल्पना सुचल्या, अगदी कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालतानासुद्धा. एकच बरोबर उत्तर शोधायचं असेल तिथे मात्र चालण्याचा फायदा झाला नाही. म्हणून चालायला जाताना कानात काही घालू नका, श्वासही मोजू नका. कथा बरोबर आहे एवढं पुरे.

एक मात्र काळजीनं सांगते. झोप नीट होत नसेल, लिहिण्याबरोबर बाकीच्या गोष्टींतलाही रस गेला असेल, किंवा डोळे मिटून बसल्यावर अस्वस्थता वाढतच जात असेल, तर स्वतःवर आणखी सराव लादू नका. काही जणांना ध्यानाचा त्रासही होतो, हे संशोधनात नोंदलेलं आहे. अशा वेळी डोळे उघडे ठेवून, पायांचा जमिनीला होणारा स्पर्श बघत थोडाच वेळ बसा. मन खालावलेलं राहत असेल तर डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला आणि कथा तोवर राहू द्या. तुमच्या लिहिण्यावरून तसं काही जाणवलं नाही, त्यामुळे मी तरी आधी समासातले शेरे लिहायला लागेन आणि त्यांतला पहिला नेमका शेरा सापडला की तिथूनच कथा उघडेन.