बँडचा म्होरक्या आणि बाकीचे चौघे

सोलापूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तालमीची खोली तुझ्या घरची आणि कार्यक्रमांच्या सुपारीचे फोनही तुझ्याच मोबाइलवर येतात, म्हणून पाच जणांच्या बँडचे नेतृत्व न मागता तुझ्याकडे आले, असे तू काहीशा संकोचाने लिहिले आहेस. हौशी बँडमधले बहुतेक म्होरके असेच ठरतात. मात्र तारीख आणि बिदागी ठरवणारा माणूस हळूहळू गाण्याची लय, गायिकेची पट्टी आणि गिटारचा तुकडाही आपणच ठरवायचा असे धरून चालतो, आणि तुमच्या खोलीतली धुसफूस मला तिथूनच सुरू झालेली दिसते.

बीटल्स या गाजलेल्या इंग्लिश बँडचे व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन ऑगस्ट १९६७ मध्ये वारले. त्यानंतर पुढाकार बराचसा बँडमधल्याच पॉल मॅकार्टनीकडे आला, आणि कुणीतरी तो घेणे भागच होते. पण गिटार कुठे वाजवावी आणि कुठे थांबवावी इथपर्यंत त्याच्या सूचना पोहोचल्या, खटके उडाले, आणि १० जानेवारी १९६९ रोजी गिटारवादक जॉर्ज हॅरिसन चालू तालीम सोडून निघून गेला. तो काही दिवसांनी परतला. तिथे निदान करार होते, नाव होते, पैसा होता. तुझा ड्रमर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत दिवसभर राबून, कशाचीही सक्ती नसताना येतो. आपले ऐकले जाते एवढ्याच भरवशावर तो टिकेल.

म्हणून कोणती गोष्ट कुणाच्या अखत्यारीत, हे भांडण नसताना ठरवून घे. पट्टीचा शब्द गायिकेचा असावा. मूळ गाणे पुरुषाने गायलेले असेल तर तिला बहुधा चार-पाच सुरांनी सरकावे लागते, आणि गिटारवाल्याला कॉर्ड अवघड जातात म्हणून तिने घसा ताणावा, हे मला मान्य नाही. त्याने गिटारच्या दांड्यावर कॅपोचा चिमटा लावावा, म्हणजे सोप्याच कॉर्ड वेगळ्या पट्टीत वाजतात. लय ड्रमरच्या हाती द्यावी आणि गाण्याआधीचे मोजणेही त्यानेच करावे. तुमचा बेसवादक घरी तेलुगू बोलतो आणि खोलीत कुणाशीच फारसे बोलत नाही, असे तू लिहितोस. पूर्वभागातल्या तेलुगू वस्तीच्या मंडळांसमोर कोणती तेलुगू गाणी घ्यायची हे त्याच्यावर सोपव, आणि त्याने दिलेली यादी मागाहून बदलू नकोस.

लीड गिटारवाल्याविषयी मात्र घाईने मत करू नये. तो आवाज सतत वाढवतो, हा त्याचा अहंकार आहे असे तुला वाटते. असेलही, त्या वयातले गिटारवाले फारसे नम्र नसतात (तबलजींचाही अनुभव वेगळा नाही). पण आधी खोली पाहा. लहान खोलीत ड्रम सगळ्यांना झाकतात आणि जमिनीवर ठेवलेला अँप, म्हणजे गिटारचा स्पीकर, वादकाच्या पोटऱ्यांवर आवाज फेकतो, त्यामुळे त्याला स्वतःचे वाजवणे नीट ऐकू येत नाही. तो आवाज वाढवतो, मग कीबोर्ड वाढतो, गायिकेला स्वतःचा सूर ऐकू येत नाही, ती ओरडून गाते, बेसूर होते, आणि बोलणी तिलाच बसतात. अँप खुर्चीवर ठेवून त्याच्या कानाकडे वळव, ड्रमरला हलक्या काड्या घ्यायला सांग, आणि तिच्या आवाजाहून काहीही मोठे वाजणार नाही असा दंडक घाल. स्वभावाचे म्हणून सांगितले जाणारे निम्मे तंटे असे ऐकू न येण्यातून होतात, असे माझे मत आहे. एवढे करूनही तो आवाज वाढवू लागला, तर त्याला एकट्याला गाठून स्पष्ट बोल, चौघांदेखत नको.

पैशाचे थोडक्यात सांगतो: बिदागीतून आधी टेम्पो आणि साउंडवाल्याचे पैसे वजा करावेत, उरलेल्याचे पाच समान वाटे करावेत आणि हिशेब त्याच रात्री सगळ्यांना दाखवावा. स्वतःची गाणी बांधू लागलात तर श्रेयाचेही असेच आधी ठरवा. आर.ई.एम. या अमेरिकी बँडने गाण्यांचे श्रेय चौघांच्या नावे समान लावले होते. तुम्हाला ते पटेलच असे नाही, पण चाल कुणाची हा वाद गाणे गाजल्यावर मिटत नाही.

गणेशोत्सवाची यादी या रविवारी ठरवणार आहात असे दिसते. तुझी पसंती सर्वांत शेवटी सांग; आधी सांगितलीस तर बेसवादक मान डोलावेल आणि तुला त्याचे मत कळणारच नाही.

तुझा,
काका