ओठ नटाचे, शब्द कागदावरचे

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली क्लिप पाहिली. जुन्या चित्रपटातल्या पाटलाच्या तोंडी आजच्या नगरसेवकाची भाषा घातलीस, हे सुचलंय झकास. पण समोर हात जोडून उभ्या असलेल्या रयतेला तू अडाणी बोलायला लावलंस, आणि सगळा हशा तिच्यावर गेला. आपल्या कोल्हापुरी बोलीवर स्वस्तात हसू मिळतं गं, म्हणूनच तो मोह टाळ. प्रसंग निवडतानाच बघ, गादीवर कोण बसलंय, कोण उभं आहे, कोण कुणाच्या दारात आलंय. चिमटा गादीवाल्याला बसला पाहिजे.

1973 मध्ये फ्रान्समध्ये रने व्हिएने यांनी हाँगकाँगच्या एका मारधाडपटाला नवे संवाद देऊन कामगार विरुद्ध नोकरशहा असा झगडा उभा केला. मारामारी तीच राहिली, अर्थ बदलला. आपल्याकडे खाडिलकरांनी त्याच्या कितीतरी आधी, 1907 साली, रंगभूमीवर ‘कीचकवध’ आणलं. इंग्रज सरकारचं नाव न घेता लोकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. पुढं 1920 साली बाबूराव पेंटरांनी इथं कोल्हापुरात त्याच कथेवर ‘सैरंध्री’ काढला. प्रेक्षकाला मूळ गोष्ट तोंडपाठ होती, म्हणून इशारा पुरला. तूही सगळ्यांनी पाहिलेला चित्रपटच घे.

आता संवाद. पंचगंगेच्या प्रदूषणावर करायचं म्हणतेस, तर मनानं लिहायला बसू नकोस, कागद काढ. सभेचं इतिवृत्त, निविदेच्या अटी, माहिती अधिकारात आलेली उत्तरं. ‘सदर बाब तपासून उचित कार्यवाही करण्यात येईल’ हे वाक्य लोडाला टेकलेल्या सरदाराला दे, समोर रिकामा हंडा घेतलेली बाई असू दे. तुला विनोद वेगळा लिहावाच लागणार नाही.

प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात. वरच्या वाक्यात ते तीनदा मिटतात: ‘बाब’मध्ये दोनदा, ‘तपासून’मध्ये एकदा. क्लोजअपमध्ये नटाचे ओठ तिथं उघडे दिसले की मजा गेली. पण म्हणून कागदावरचा शब्द बदलू नकोस, शॉट बदल. सरदार पाठमोरा असेल किंवा बाईचा चेहरा दिसत असेल, तिथं वाक्य टाक. आणखी एक. जुन्या चित्रपटात सगळे आवाज एकाच पट्टीवर मिसळलेले असतात. संवाद पुसलास की बांगड्या, पावलं, दाराची कडीही जाते. तुझ्या क्लिपमध्ये दोन वाक्यांच्या मधे एकदम बहिरेपण आलंय ते त्यामुळं. हे आवाज घरीच पुन्हा रेकॉर्ड कर.

खऱ्या नेत्याचा आवाज संगणकावर हुबेहूब बनवून मात्र कधीच वापरू नकोस. नटाच्या चेहऱ्यावर परका आवाज आहे हे उघड दिसतं, म्हणून कुणी फसत नाही. हुबेहूब आवाजाचा तुकडा व्हॉट्सॲपवर सुटा फिरला की ती अफवा होते, आणि ज्याच्यावर टीका करायची तोच बिचारा ठरतो.

कायद्याचंही बघ. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात टीका-समीक्षेसाठी वाजवी वापराची सवलत आहे, विडंबनाचा वेगळा उल्लेख नाही. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. गाणी आणि मूळ लेखन यांचा हक्क वेगळा, तो लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. तेव्हा 1960 च्या आधीचा चित्रपट घे, गाणं वगळ, आणि क्लिप टाकण्याआधी एखाद्या वकिलाला दाखव.

पुढची क्लिप पाठवशील तेव्हा इतिवृत्ताच्या पानांचे फोटोही जोड. कुठलं वाक्य कुणाच्या तोंडी दिलंस, ते मी ओळीनं ताडून बघतो.

तुझा,
काका