रेल्वेचं लेटर हातात असताना युरोपच्या ट्रायलला पैसे भरावेत का?

कोल्हापूरच्या एका मुलीचा मेसेज आलाय. वय २४, सेंट्रल मिडफिल्डर, शाळेत असल्यापासून शाहू स्टेडियमच्या वाऱ्या, आता इंडियन वुमेन्स लीगमधला (आयडब्ल्यूएल) एक क्लब दोन सीझनचा करार देतोय, सीझनला साडेसहा लाख. त्याच वेळी रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्यातून लेव्हल २ च्या पोस्टचं लेटर आलंय. आणि तिसरं म्हणजे एक एजंट म्हणतोय की साडेतीन लाख भर, युरोपात ट्रायल लावून देतो. तिच्याकडे साठलेत २ लाख ८० हजार, उरलेले आईचे दागिने ठेवून काढायचे असं घरात चाललंय. तिचा प्रश्न असा की, "मॅडम, रेल्वे सोडून दोन वर्षं पूर्ण फुटबॉलला द्यावीत का, आणि ट्रायलचे पैसे भरावेत का?"

तुला तू म्हणते, माझ्या भाचीच्या वयाची आहेस. आधी उत्तर सांगते, मग कारणं. रेल्वे जॉइन कर, फुटबॉल सोडू नको, आणि एजंटला एक रुपया देऊ नको.

आता हिशोब बघ. लेव्हल २ चं बेसिक १९,९०० आहे, त्यावर डीए बेसिकच्या निम्म्याहून जास्त, मग घरभाडं, प्रवासभत्ता, असं धरून वर्षाला साधारण सव्वाचार लाख होतात. क्लबचे साडेसहा. म्हणजे वर्षाला सव्वादोन लाखांचा फरक, दोन सीझनचे झाले साडेचार लाख. त्यातले साडेतीन एजंटला गेले की हातात राहिला एक लाख, आणि त्या एक लाखासाठी तू साठ वर्षांपर्यंतची नोकरी सोडतेयस. फक्त पैशाच्या बाजूनं बघितलं तर एवढंच आहे हे.

आणि हे साडेसहा तरी नक्की कसले ते कुठं कळलंय? २०२४-२५ चा सीझन १० जानेवारीला सुरू झाला आणि एप्रिलमध्ये संपला, आठ टीम, प्रत्येकीच्या १४ मॅच. करारात 'सीझन' म्हणजे किती महिने लिहिलेत ते वाच, कारण बाकीचे महिने पगार नसेल तर जिम, डाएट, फिजिओ सगळं तुझ्याच खिशातून. ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशननं २०२३ मध्ये क्लबांना सांगितलं की किमान दहा भारतीय मुलींना वर्षाला किमान ३.२ लाखांचा करार द्या, त्या मानानं तुझी ऑफर दुप्पट आहे, म्हणजे तू खरंच चांगली खेळतेस, यात मला शंका नाही आणि म्हणूनच एवढं सविस्तर लिहितेय.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वय आहे. स्पोर्ट्स कोट्याच्या भरतीला वयाची मर्यादा २५ असते. दोन सीझन खेळून तू २६ ची होशील तेव्हा क्लब मिळेल, नाही मिळेल, पण हे दार मात्र बंद झालेलं असेल. क्लबचं तसं नाही, मिडफिल्डर २६ व्या वर्षी जास्त शहाणी झालेली असते, खेळ वाचायला लागलेली असते. ब्राझीलची फॉर्मिगा मिडफिल्डरच, सात वर्ल्डकप आणि सात ऑलिम्पिक खेळली आणि २०२१ च्या नोव्हेंबरात मनौसला भारताविरुद्ध निरोपाची मॅच खेळली तेव्हा ती ४३ वर्षांची होती. सगळ्यांना तेवढं जमत नाही, पण २४ म्हणजे शेवटची गाडी सुटतेय असं जे तुला वाटतंय ते तसं नाहीये.

त्याच मॅचमध्ये भारताच्या मनीषा कल्याणनं ब्राझीलला गोल मारला होता, तू मेसेजमध्ये तिचंच नाव लिहिलंयस. मग ती बाहेर कशी गेली ते नीट बघ. गोकुलम केरळकडून खेळली, भारताकडून खेळली, खेळ लोकांना दिसला, २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोननं घेतलं, पुढं ग्रीसचा पीएओके, मग पेरूचा अलियान्झा लिमा. आणि भारताकडूनच खेळलेली बालादेवी बघ, ती मणिपूर पोलिसात नोकरीला होती, २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सनं करार केला तेव्हा तिशीला आली होती, आणि तिची ट्रायल बंगळुरू एफसी आणि रेंजर्सच्या भागीदारीतून झाली होती. म्हणजे सरकारी नोकरी असली की युरोप बंद, असं काही नाही. खऱ्या एजंटकडे फिफाचं लायसन्स असतं आणि त्याचं कमिशन झालेल्या करारातून निघतं. जो ट्रायलच्या आधीच साडेतीन लाख मागतोय त्याची कमाई तुझ्या आईच्या दागिन्यांतून होणारे, तुझा करार होवो न होवो. त्याला लायसन्स नंबर विचार, आणि कुठल्या क्लबनं बोलावलंय त्याचं पत्र थेट क्लबच्या ईमेलवरून मागव. नाही आलं तर विषय संपला.

गुडघ्याचं बोलायलाच लागेल. मुलींमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्यातला लिगामेंट, फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त आहे, आणि मिडफिल्डरला तर सारखं वळायचं, थांबायचं, परत पळायचं. स्पेनची ॲलेक्सिया पुतेयास, दोनदा बॅलन डिओर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, घेतलेली, जुलै २०२२ मध्ये युरो सुरू व्हायच्या तोंडावर सरावात तिचा गुडघा गेला आणि ती पुढच्या एप्रिलमध्ये मैदानावर आली. तिच्या मागं बार्सिलोना होतं. तुझ्या करारात इंज्युरी झाल्यावर पगार चालू राहील का, ऑपरेशन आणि नंतरच्या फिजिओचा खर्च कुणाचा, यावर एक ओळ तरी आहे का? पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसीत प्रोफेशनल खेळ बऱ्याचदा वगळलेला असतो, तो भाग विम्याचे एजंट वाचून दाखवत नाहीत, तू स्वतः वाच. रेल्वेत मेडिकल आहे, आई-बाबांनाही मिळतं का ते विचारून घे.

शिवाय खेळ सोडून काहीही घडू शकतं. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफानं आपल्या फेडरेशनवर बंदी घातली तेव्हा गोकुलमच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या आणि न खेळता परत आल्या. त्या मुलींची काय चूक होती? मला अजून त्याचा राग येतो.

रेल्वेची पण कडू बाजू आहे, ती लपवत नाही. क्लबकडून खेळायला एनओसी लागते आणि ती दरवर्षी मिळेलच याची खात्री कोणी देणार नाही. रेल्वेची टीम कमी दर्जाची मात्र समजू नको, डिसेंबर २०२१ ला कोळिकोडला सीनियर नॅशनलच्या फायनलमध्ये मणिपूरला पेनल्टीपर्यंत नेलं होतं त्यांनी, आणि आता तीच स्पर्धा राजमाता जिजाबाई ट्रॉफी नावानं होते, सिलेक्टर तिथं असतात. पेन्शनचं आज तुला काही वाटणार नाही, तरी यूपीएस, म्हणजे सरकारची युनिफाइड पेन्शन स्कीम, निवडलंस आणि २५ वर्षं नोकरी झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या निम्मी पेन्शन आहे, एवढं डोक्यात ठेव.

साठलेल्या पैशांचं सांगते. दीड लाख एफडीत, गुडघ्यासाठी म्हणून, बाकी कशासाठीही मोडायचे नाहीत. उरलेले सेव्हिंगला राहू देत, पोस्टिंग बाहेर लागलं तर डिपॉझिट आणि सामानाला लागतील. पगार सुरू झाल्यावर ५ हजारांची इंडेक्स फंडाची एसआयपी, आत्ता एवढंच बास. दागिने आईकडेच राहू देत. आणि आधीच्या क्लबनं १० टक्के टीडीएस कापला असेल तर रिटर्न भर, नव्या कर पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर टॅक्स लागत नाही, कापलेला परत येतो. टीममधल्या बाकीच्या मुलींना पण सांग, कित्येकींचे पैसे तसेच पडून असतात.

या आठवड्यात दोन ईमेल कर. एक रेल्वेच्या स्पोर्ट्स सेलला, की जॉइन झाल्यावर आयडब्ल्यूएल खेळायला एनओसी कशी आणि कधी मिळते. दुसरा क्लबला, की रेल्वेची एनओसी घेऊन एकाच सीझनचा करार चालेल का. क्लब हो म्हणाला तर मानधन घ्यायला वेगळी परवानगी लागते का तेही रेल्वेला विचारून घे, तोंडी नको, लेखी. उत्तरं आली की मला पाठव, करारावर सही करायच्या आधी.