एपीयू बंद, तरी विमान फिट?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. इंदूरहून पुण्याला निघताना कॅप्टननं सांगितलं, ‘एपीयू बंद आहे, पण विमान उडायला फिट आहे.’ आत उकाड्यानं जीव नकोसा झाला आणि तुमचे दीर उतरून बसने गेले. बिघाड असलेलं विमान फिट कसं, असं तुम्ही विचारलंत. माझी सगळी नोकरी विमानांच्या देखभालीत गेली, आता रामबागेत असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एपीयू म्हणजे शेपटीतलं छोटं इंजिन. जमिनीवर असताना वीज, एसी आणि मोठी इंजिनं सुरू करायला लागणारी हवा ते देतं. ते बंद म्हणून तुम्हाला उकडलं. बाहेरच्या गाडीतून हवा देऊन एक इंजिन सुरू केलं की पुढचं काम तेच इंजिन भागवतं.

काय बंद चालेल हे कोणी मनानं ठरवत नाही. त्यासाठी एमईएल नावाचं पुस्तक असतं, डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, मंजूर केलेलं. काही वस्तू ३ दिवसांत दुरुस्त कराव्या लागतात, काही १० दिवसांत, आणि सोबत अटी असतात. इंजिनिअर टेकलॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, नोंद करतो, कॉकपिटमध्ये त्या बटणापाशी चिठ्ठी लावतो आणि सही करतो.

पण शेवटचा शब्द कॅप्टनचा. तो टेकलॉगची मागची पानं वाचतो, कारण एकेकटी चालणारी गोष्ट दुसरीबरोबर चालत नाही. एका इंजिनाचा जनरेटर बंद असेल, तर एपीयूचा जनरेटर चालू लागतो. तुमच्या विमानात एपीयूसोबत इंजिनाचा जनरेटरही बंद असता, तर ते जागचं हललं नसतं.

मग वैमानिक खाली उतरून विमानाभोवती फेरी मारतात. रात्री टॉर्च घेऊन चाकांपाशी वाकतात, ते ब्रेक किती झिजला हे दाखवणारी पिन बघायला. पार्किंग ब्रेक लावलेला असताना बोटाच्या पेरापेक्षा लहान अशी ती पिन बाहेर दिसते. कड्याच्या पातळीला आली की ब्रेक बदलायचा. टायरमध्ये चीर नाही ना, तेल ठिबकत नाही ना, आणि वेग व उंची मोजणारी भोकं मोकळी आहेत ना, हेही बघतात. १९९६ साली पेरूमध्ये विमान धुताना या भोकांवर लावलेली चिकटपट्टी तशीच राहिली. रात्री समुद्रावर वैमानिकांना ना खरी उंची कळली, ना वेग. ७० माणसं गेली. ती फेरी मी कोणाला कधीच घाईनं करू दिली नाही.

एक जुलैची संध्याकाळ अजून आठवते. एका विमानाच्या कॅप्टनकडच्या काचेचा वायपर बंद होता. उडताना-उतरताना पाऊस नसेल तर पुस्तकाप्रमाणे चालतं. इथं थेंब नव्हता, मी सही केली. कॅप्टननं पुढच्या विमानतळाचं हवामान वाचलं, पश्चिमेचं आभाळ पाहिलं आणि म्हणाले, “नको. वायपर लावा, मग निघू.” प्रवासी चिडले, मलाही ते पटलं नव्हतं. मोटर बदलायला दीड तास लागला. शेवटचा स्क्रू घट्ट करत होतो तेव्हा धो-धो पाऊस आला, आणि ते स्वतः छत्री धरून शिडीपाशी उभे होते.