ऐरण: गावठी नव्हे, सप्तमीची लेक

जालन्याचा एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी विचारतो: धातूचा दंडगोल वेगानं कडक पोलादी ठोकळ्यावर आदळवतात, त्या चाचणीवर मराठीत टिपण लिहितोय. ठोकळ्याला ‘ऐरण’ म्हणू का? सर म्हणतात, ऐरणीवर घण पडतो, वस्तू येऊन आदळत नाही. शिवाय शब्द गावठी आहे, ‘दृढ लक्ष्यपट्ट’ लिहा. आणि दंडगोल ‘चेंगरला’ चालेल का?

‘ऐरण’च लिहा. घण हलो की दंडगोल, जिच्यावर मार पडतो आणि जी स्वतः दबत नाही ती ऐरण. इंग्रजीतही या ठोकळ्याला लोहाराच्याच ऐरणीचं नाव आहे.

आणि गावठी? संस्कृतात ‘अधिकरण’ म्हणजे क्रिया जिथं घडते ती जागा. शाळेत सप्तमी घोकताना ‘घरात’, ‘शेतात’ म्हणत होतो, ते अधिकरण हेच. त्याचं स्त्रीलिंगी रूप ‘अधिकरणी’ पालीत थेट लोहाराच्या ऐरणीसाठी येतं. प्राकृतात ती ‘अहिगरणी’ झाली. ‘बधिर’चा ‘बहिरा’ आणि ‘दधि’चं ‘दही’ झालं, तसाच इथंही ‘ध’चा ‘ह’. मग मधला ‘ग’ गळाला, जसा ‘नगर’मधला गळून संगमनेर, अमळनेरमधलं ‘नेर’ उरलं. शेवटी ‘ह’ही विरला आणि ऐरण राहिली. ज्या गोदाकाठी प्राकृत नांदली, तिथल्या माणसानं या शब्दाला गावठी म्हणावं, याचं मला फार वाईट वाटतं.

‘अयस्’ म्हणजे लोखंड, त्यावरून ‘ऐरण’, असं ठासून सांगणारे जाणकारही भेटतात. हिंदीतल्या ‘अहरन’मध्ये ‘ह’ कुठून आला, ते त्यांनी आधी सांगावं. ‘अधिकरणी’त तो ‘ध’च्या रूपानं पहिल्यापासून आहे. शिवाय लोखंड ही ऐरणीची ओळखच नव्हे, ओळख तिच्या जागेची. आठवडी बाजारात घिसाडी पाल टाकतो तेव्हा आधी ऐरण जमिनीत घट्ट रोवतो. सांडशीत लाल विळा धरून तो बसतो, समोर उभी बायको घण घालते. विळा फिरतो, घण फिरतो, ऐरण तेवढी जागची हलत नाही. सप्तमी विभक्ती डोळ्यांनी बघायची असेल तर ती तिथं बघावी.

म्हणूनच ‘पाण्याचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर’ हा मथळा दर उन्हाळ्यात वाचून चीड येते. लोखंड तापलेलं असतं तोवरच ऐरणीवर ठेवतात, आणि ठेवलं की लगेच घाव घालतात. नुसत्या चर्चेला आलेल्या प्रश्नाला ऐरणीवरचा म्हणू नये.

राहिला ‘चेंगरला’. तो नको. दारात बोट चेंगरतं, गर्दीत माणूस चेंगरतो; दाब दोन्हीकडून लागतो. इथं दंडगोलाच्या मागं काहीच टेकलेलं नसतं. पुढचं तोंड ऐरणीवर अडतं, मागचा धातू स्वतःच्याच वेगानं रेटत येतो, म्हणून तोंडाशी तो बाजूला पसरतो आणि मागचं टोक जवळपास होतं तसंच राहतं. जुन्या छिन्नीचं ठोकून ठोकून कडा बाहेर वळलेलं डोकं आठवा. ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९४८ साली मांडलेलं गणित यावरच उभं आहे: मूळ लांबी, उरलेली लांबी, न पसरलेल्या भागाची लांबी, वेग आणि घनता एवढ्यावरून धातू धक्क्याखाली किती प्रतिबलाला, म्हणजे दर एकक क्षेत्रफळावर येणाऱ्या बलाला, नमतो ते काढता येतं. सौम्य पोलाद सावकाश दाबलं तर लवकर नमतं, असं आपटलं तर त्याहून जास्त प्रतिबल घेतं. तेव्हा ‘दंडगोल ऐरणीवर आदळून तोंडाशी पसरला’ असं लिहा.