रानफुलांच्या वाटेवर : वाचकांचे प्रश्न

नाशिक परिसरात पाऊस स्थिरावला की रानफुलांबद्दल विचारणा सुरू होते. मुलाबाळांसह बाहेर पडणाऱ्या घरांना उपयोगी पडतील असे काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : जुलैत एका रविवारी मुलांना (वयं सहा आणि नऊ) अंजनेरीच्या डोंगरावर नेलं. ती अर्ध्या वाटेतच दमली आणि फुलंही दिसली नाहीत. कुठे आणि कधी जावं? (इंदिरानगर)

जुलैतही फुलं होती, पण ती घोट्याच्याही खाली. पहिल्या पावसानंतर गवतासारख्या पानांच्या बुडाशी काळी मुसळीची सहा पाकळ्यांची पिवळी चांदणी जमिनीला टेकून उमलते. जवळच एखाददुसरं पान जमिनीवर सपाट पसरलेलं आणि वर पांढरं फूल दिसलं, तर ती जमिनीवर वाढणारी आमरी, म्हणजे ऑर्किड. चालता चालता हे दिसत नाही, त्यासाठी खाली बसावं लागतं. मुलांना ते आपल्यापेक्षा चांगलं जमतं.

रंगांचा मोठा बहर हवा असेल तर गणपती ते नवरात्र हा काळ धरा. तेरडा, सोनकी, कवळा तेव्हा भरात असतात. माथा गाठायचा हट्ट मात्र सोडा. अंजनेरीचा पायथा, इगतपुरीकडे भावली धरणाचा परिसर, नाहीतर घराजवळची पांडवलेणी, यांपैकी कुठेही अर्धा किलोमीटर दोन तासांत चालायचं ठरवून जा. सकाळी लवकर निघा, कारण बरीच फुलं दुपारी मिटतात. शिवाय रविवारची गर्दीही टळते.

कातळावरून पाणी पाझरत असेल तिथे पाय जपून टाका. निळसर जांभळ्या ठिपक्यांसारखी सीतेची आसवं तिथेच असतात. फूल नखाएवढंही नसतं, पण ही वनस्पती कीटकभक्षी आहे. ओल्या मातीत तिच्या बारीक पिशव्या असतात. सूक्ष्म जीव जवळ आला की पिशवीचं झाकण उघडतं आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. पंचवटीच्या गावातल्या मुलांना हे नाव सांगून पाहा, ती तिथून हलणार नाहीत.

प्रश्न : रस्त्याच्या कडेने केशरी-पिवळ्या फुलांचे ताटवेच्या ताटवे लागतात. ही कुठली रानफुलं? (सातपूर)

तुमच्या फोटोतलं फूल कॉसमॉस आहे. ते मूळचं मेक्सिकोकडचं. बागेतून सुटलं आणि रस्त्याकडेला पसरलं. दिसायला देखणं आहे, पण इथलं नाही, आणि ते दाट माजतं तिथे आपल्या लहान झाडोऱ्याला जागा उरत नाही. घाणेरी आणि गाजर गवतही असेच अमेरिका खंडातून आलेले पाहुणे. गाजर गवत पुण्यात 1955 च्या सुमारास नजरेत आलं आणि आज ते कुठे नाही, असं गाव सापडणार नाही.

तुमच्या दुसऱ्या फोटोतलं त्र्यंबककडचं पिवळं शेत खुरासणीचं आहे. ते तेलबियांचं पीक आहे, सोनकी नव्हे. सोनकी उतारावर आपली आपण उगवते आणि गुडघ्यापर्यंतही क्वचितच पोचते.

प्रश्न : मोबाइलवरचं ॲप एकाच फुलाची तीन वेगवेगळी नावं दाखवतं. खरं कुठलं मानायचं? (कॉलेज रोड)

बहुधा तुम्ही फक्त फुलाचा, समोरून फोटो काढता. पिवळी, पाच पाकळ्यांची फुलं शेकड्यांनी आहेत, तेवढ्यावर ॲप तरी काय सांगणार? पूर्ण झाड, पानाच्या दोन्ही बाजू, खोडावर पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, फूल बाजूने आणि मागून, शक्य असेल तर फळ, आणि झाड कातळावर आहे की बांधावर, एवढं टिपा. मग गुगल लेन्स किंवा आयनॅचरलिस्टला विचारा, आणि आलेलं नाव चित्रांशी पडताळा.

त्याआधी मुलांकडून फुलाचं वर्णन करून घ्या, माझा सगळा भर यावर आहे. तेरडा घ्या. फूल बाजूने पाहिलं की मागे बारीक, वाकडी शेपटी दिसते. ती पोकळ नळी असते आणि मधुरस तिच्यातच असतो. पिकलेल्या बोंडाला बोट लावलं की ते फटकन फुटतं, साल आतल्या आत गुंडाळली जाते आणि बिया लांब उडतात. कवळ्याच्या पिवळ्या फुलावर दोन लाल ठिपके असतात, म्हणून मुलं त्याला मिकी माऊस म्हणतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेलं मूल पुढच्या वर्षी ॲपशिवाय ओळखतं. नाव उशिरा कळलं तरी काही बिघडत नाही.

प्रश्न : आमच्याकडे गौरीसाठी तेरडा आणतात. आता नातवंडं म्हणतात, फुलं तोडायची नाहीत. खरं कोणाचं? (पंचवटी)

आजी, दोघांचंही. तेरडा एका पावसाळ्याचं झाड आहे आणि मुबलक उगवतं. शेताच्या कडेचा, भरपूर असेल तिथला थोडा आणला तर त्याचं नुकसान नाही. शेजारची झाडं बियांसाठी राहू द्या. डोंगरावरचं, राखीव वनातलं मात्र काहीच तोडू नये.

कळलावीपासून नातवंडांना जपा. पिवळ्या-लाल ज्वाळांसारखी वर वळलेली पाकळी आणि टोकाशी तणावा असलेलं पान, ही तिची खूण. सगळी वनस्पती विषारी आहे, कंद तर फारच. हात लागला तर धुवायचे, तोंडात काही घालायचं नाही. औषधासाठी कंद उपसून ती आधीच कमी झाली आहे.

प्रश्न : अंजनेरीचं प्रसिद्ध कंदीलपुष्प मुलांना दाखवायचं आहे. नेमकी जागा सांगाल का? (गंगापूर रोड)

जागा सांगणार नाही, आणि राग मानू नका. या जातीची नोंद 2006 मध्ये झाली, तिला अंजनेरीचंच नाव मिळालं. ती फार थोड्या जागी उरली आहे. एकाने फोटो जागेसकट टाकला की आठवड्याभरात तिथलं गवत तुडवून निघतं, आणि कंद खणणारेही पोचतात. तुम्हाला अवचित दिसलंच, तर फोटोसाठी भोवतालचं गवत उपटू नका आणि जागा कुणाला कळवू नका.

या कुळातल्या इतर जाती सह्याद्रीत दिसतात आणि त्यांची करामत तीच. फुलाची नळी खाली फुगीर असते. वासाने आलेली चिमुकली माशी आत घसरते आणि नळीतले खाली वळलेले केस तिला वर येऊ देत नाहीत. पुढे केस सुकतात आणि माशी परागांचं गाठोडं घेऊन सुटते.

प्रश्न : आम्ही सिन्नरचे. आमच्याकडे ना घाट, ना तेवढा पाऊस. आम्ही काय पाहायचं? (सिन्नर)

तरवड पाहा! कोरड्या टेकाडांवर पिवळाधमक फुलणारं हे झुडूप इगतपुरीच्या मुसळधार पावसात तुम्हाला भेटणार नाही. माळावर नीट पाहिलंत तर विष्णुकांत दिसेल, अगदी बारीक, आकाशी, जमिनीलगत. आणि बांधावरचा केना. शेतकरी त्याला तण म्हणून उपटतात, पण सकाळी त्याची दोन मोठ्या निळ्या पाकळ्यांची फुलं पाहा, दुपारपर्यंत ती विरघळल्यासारखी होतात. एखादं झाड मुळासकट उपटून माती हलकेच झटका. पांढरट दांड्यांवर जमिनीखालीही फुलं असतात. ती कधी उमलत नाहीत, आतल्या आतच त्यांचं परागण होतं आणि बी धरतं. केना मुबलक आहे, त्यामुळे हे एक झाड मुलांनी खुशाल उपटावं.